बाबांच्या हाती पाठवलेला अर्थ

कामोठे,
१२ जानेवारी २०२६

चि. परेश,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण करंजा बंदरातला मासळीचा लिलाव काही ती चुकवत नाही.

परवा फोनवर ‘ताई, विमान म्हणजे नक्की काय गं?’ एवढंच विचारलंस आणि फोन ठेवलास. संस्कृतच्या बाईला असलं विचारलं की तासभर सुटका नाही, हे ठाऊक असून! तर ऐक. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्याला ‘वि’ लागला. अंतर मोजत पार जाणारं ते विमान. पुढे देवांचा रथही विमान झाला, राजवाडाही आणि देवळाच्या गाभाऱ्यावरचा उंच भागही. यंत्र फार उशिरा आलं, शब्द तयारच होता.

पण शब्द विचारायला तू फोन केलाच नव्हतास.

तुझ्याबरोबर शिकणाऱ्या सत्यजीतने सगळं सांगितलंय. उतरताना तुझं विमान धावपट्टीवरून घसरलं, पंख मोडला. तेव्हापासून तुला झोप नाही, विमानाची भीती बसलीय. तरी शुक्रवारी एकट्याने उडणार आहेस आणि अकादमीत कुणाला ते कळू दिलं नाहीस. का, तर बाबांनी साऱ्या बंदरात ‘माझा पोरगा पायलट’ सांगून ठेवलंय म्हणून. मूर्खा! मला फार भीती वाटतेय रे.

सत्यजीतचा फोन आला तेव्हा बाबा माझ्या मागेच उभे होते. लगेच पिशवी भरायला लागले. तिथे जाऊन परेशला काय विचारणार, मी म्हटलं, तर म्हणाले, “मी काय इचारनार नाय. तो सांगंल तवा सांगंल.”

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. बोट उलटून वाचलेल्याला कुणी काही विचारत नाही. आधी भात वाढायचा. तो आपणहून बोलेपर्यंत त्याला समुद्रात पाठवायचं नाही. बाबा स्वतः वाचले तेव्हा कितीतरी दिवस किनाऱ्यावर जाळी विणत बसले होते. कुणी त्यांना भित्रा म्हटलं नाही.

तुझ्या अकादमीत ही रीत नाही. तू गप्प राहिलास तर ते तुला वर पाठवतील. आणि बाबा तर विचारणारच नाहीत. म्हणजे बोलायचं तुलाच आहे.

पळस्पे फाट्यावर त्यांना गाडीत बसवून देतेय, हे पत्र त्यांच्याच खिशात ठेवून. तू वाचत असशील तेव्हा ते समोर डबा उघडून बसले असतील. आधी जेव. मग पत्र बाजूला ठेव, आणि सांग त्यांना.

तू उडालास काय, नाही उडालास काय,
तुझीच ताई,
किशोरी