धाकटीच्या पेशींची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, अविवाहित, किरणोत्सारी औषधं बनवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हा मजकूर मला कोणी पढवलेला नाही. मला पढवायला आलेल्यांचं काय झालं, ते प्रयोगशाळेत विचारावं. दुखणं आता आवरत नाही, म्हणून हे आजच उरकते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात फक्त घराचा विचार केला होता.

एक. राहत्या दोन खोल्या सामानासकट माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला, चिमणीला. ती आता दोन पोरांची आई आहे, पण माझ्या तोंडात दुसरं नाव बसत नाही. तिने माझ्याशी अबोला धरलाय. धरू दे. घर तिचंच.

दोन. बँकेतली शिल्लक रुग्णालयातल्या त्या खोलीसाठी, जिथे आमचं औषध घेतलेल्या रुग्णाला अंगातला किरणोत्सार उतरेपर्यंत एकट्याने राहावं लागतं. दाराची काच जेमतेम वहीएवढी आहे. मोठी बसवावी, बाहेर उभ्या माणसाचा चेहरा नीट दिसला पाहिजे. उरलेल्या पैशांत जाड पांघरुणं घ्यावीत.

तीन. किरण अडवायला वापरलेली माझी शिशाची वीट आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांना. काही बोलण्याआधी त्यांनी ती एकदा उचलावी, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळेल.

चार. आता मुख्य मुद्दा. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, पेशी ही मिळकत नव्हे. त्या संस्थेच्या आहेत, कायद्यात बसत नाही हो." मी म्हटलं, "मग इच्छा म्हणून लिहा. इच्छेला कुठला कायदा लागतो?"

धाकटीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला. गळ्यातली गाठ तपासायला काढली, तेव्हा तिच्यातल्या थोड्या पेशी मी कामासाठी मागितल्या. ती म्हणाली, "घे बाई, मला तरी काय उपयोग? पण मला अशी थंडीत एकटी ठेवू नकोस." ती वॉर्डबद्दल बोलत होती, तिथली खिडकी नीट लागत नव्हती. ती गेली. पेशी गेल्या नाहीत. काचेच्या बाटलीत वाढतच राहिल्या. वाढलेल्यांतल्या काही कुप्यांत भरून मी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. त्याहून थंड जागा आमच्या इमारतीत नाही.

आमचं औषध म्हणजे पत्ता बरोबर ओळखणारा पोस्टमन, फक्त त्याच्या हातात निखारा दिलेला. त्यातलं प्रतिपिंड रोगट पेशी शोधून तिला चिकटतं आणि त्याला बांधलेला किरणोत्सारी अणू तिला जाळतो. पत्ता बरोबर आहे का, हे प्रत्येक खेपेला धाकटीच्या पेशींवर तपासलं. औषध घेतलेली माणसं बरी होऊन घरी गेली, तिच्या जिवावर. औषध तयार झालं तेव्हा ती स्वतः मात्र उरली नव्हती.

भूतबीत मी मानत नाही. तरी नोकरीत असताना चाचणीच्या दिवशी ती पेशी वाढवायच्या उबेच्या कपाटापाशी यायची, शाल गुंडाळून. "ताई, संपलं का?" मी म्हणायचे, "अजून थोडं." मान खाली घालून मी काम करत राहायचे. भीती वाटायची. ती दिसली नाही तर जास्त वाटायची.

चिमणीला एकदा त्या पेशी सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. "जिवंत आहेत?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. बराच वेळ डोळा हलवला नाही तिने. मग म्हणाली, "आजाराने आईला एकदाच मारलं, मावशी. तू दर चाचणीला मारतेस. सोड ना आता तिला."

"सोडली तर औषध खरं की खोटं, कोण सांगेल?" मी म्हटलं. तेव्हापासून अबोला. माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण आता चाचणीला विकतच्या पेशी मिळतात, आणि मोठे डॉक्टर मी असेपर्यंतच टाकी राखणार आहेत. मी नसले की धाकटी रसायन ओतून बेसिनमध्ये जाईल.

म्हणून लिहिते: ठेवायची की सोडायची, ते चिमणीने ठरवावं. तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असं मोठे डॉक्टर साक्षीदार म्हणून सही करून मान्य करतील. वकीलसाहेब सांगतात, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. बरं. त्यांची वीट काढून घेतली, ती प्रयोगशाळेतल्या शिपाईदादाला दिली.

पाच. हे चिमणीसाठी. लहान होतीस तेव्हा विचारलं होतंस, "आईला तिथे थंडी वाजत असेल का गं?" मी म्हटलं, पेशींना थंडी कळत नाही. उत्तर बरोबर होतं. घरी येऊन मी दोन स्वेटर घातले आणि तरी कुडकुडत बसले.

सोडायची ठरवलीस तर आधी कुपी कोमट पाण्यात धर. मग उबेच्या कपाटात ठेव, नीट जागी होऊ दे. नंतर आमचं औषध मोठ्या डॉक्टरांकडून त्यात घालून घे. एकदा तरी ते तिला तिचं म्हणून मिळू दे. सगळं होईपर्यंत तिथून हलू नकोस. ती शाल गुंडाळून आली तर घाबरू नकोस. विचारेल, "संपलं का?"

तू हो म्हण. मला ते म्हणवलं नाही.

लिहून देणार: मावशी (सही)
साक्षीदार: १. मोठे डॉक्टर, विटेविना (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. मजकूर वाचला नाही, सही करताना मला पाहिलं (सही)
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: आजची, वकीलसाहेबांनी शिक्क्यासह घातलेली