मेळाव्यातला सत्कार

मु. पो. सणसर, ता. इंदापूर

चि. सौ. विमल हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. मोहनरावांना नमस्कार सांग, आणि त्यांचा गुडघा त्यांना माळेगाव कारखान्याचा जिना चढू देतो का तेही कळव. इकडे सगळे धडधाकट आहेत. मी तेवढा अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

तुला ठाऊकच आहे, यशराजचं एकही स्थळ जमेना. मुलीचे वडील घर बघायला येतात, उसाचं कौतुक करतात, आणि पोरगा नोकरीला कुठं आहे विचारून चपला शोधायला लागतात. (मागच्या महिन्यात इंदापूरचे एक गृहस्थ तर पोहे यायच्या आधीच उठले. शेवटी ते पोहे मीच खाल्ले.) म्हणून बारामतीच्या नोकरी मेळाव्याला जायचं ठरलं. यशराज आठवडाभर गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून देत होता. माझी तयारी निराळी. आपल्याकडं साधा बोअरवेलचा पॉइंट दाखवायला आलेला माणूसही सत्काराशिवाय परत जात नाही, मग नोकरी देणाऱ्याला काय तसंच पाठवायचं? मी शाल, नारळ आणि गुलाबाचा हार घेतला. यशराज नको नको म्हणत होता, म्हणून पिशवीवर टॉवेल टाकला.

ठिबकचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेबलापाशी आम्ही रांगेला लागलो. खुर्चीवर कोट-टायमधला एक तरतरीत माणूस बसला होता. आता कोट घालून बसलेला माणूस साहेब नसेल तर कोण असेल, तूच सांग. मी हार घातला, शाल पांघरली आणि चार शब्द बोललो. (चार म्हणजे आपल्याकडचे चार. आजोबांच्या विहिरीपासून सुरुवात केली.) शेजारी सलवार-कमीजमधली एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली होती. तिच्या हातात नारळ देऊन, बाई जरा धरा, म्हणालो. तिनं धरला. रांगेतल्या पोरांनी टाळ्याही वाजवल्या. यशराज एकटाच छताकडं बघत होता.

माझं भाषण संपल्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तुमचं झालं असेल तर मी मुलाखती सुरू करू का?"

विमल, माझ्या पायाखालची जमीन सरकली. साहेब तीच. उत्कर्षा मॅडम म्हणतात तिला. आणि मी ज्याला हार घातला तो इंदापूरचा दिग्विजय, नोकरी मागायला आलेला, यशराजच्या आधीच्या नंबरचा! त्या पठ्ठ्यानं हार अंगावर ठेवूनच मुलाखत दिली.

मग यशराजची पाळी. आडमुठा शेतकरी तक्रार घेऊन आला तर काय कराल, असं मॅडमनी विचारलं. आपलं पोरगं म्हशीसमोर पाठ केलेलं सगळं विसरलं आणि म्हणालं, "पूर्ण ऐकून घेईन, मॅडम. घरी रोजची सवय हाय." ती माझ्याकडं बघून हसली. मला राग आला, तो अजून आहे. पण काल निकाल लागला आणि पोरगं पास झालं. मी देवापुढं साखर ठेवली आणि रडलो, हे मोहनरावांना सांगू नकोस.

तुझा दादा,
रामहरी

ता. क. मॅडम तुमच्या माळेगाव बुद्रुकच्याच आहेत असं कळलं. लग्न ठरलंय का, एवढं हळूच काढ. पोरगी मला फार उद्धट वाटली. आपल्या घरात शोभेल.

ता. क. २. यशराजनं वरचं वाचलं. म्हणतो, "आबा, आत्याला तितं धाडलंत तर नोकरी बी जाईल आन् स्थळ बी." आत्ता कंपनीचा मेसेजही आला, रुजू होताना पालकांनी सोबत येऊ नये म्हणून. दिग्विजयही पास झालाय, त्याला फोन करून विचारलं, त्याच्या मेसेजात ही ओळ नाही.

तू आत्या आहेस, पालक नव्हेस. उद्याच जा.