रांजणावरचा तांब्या

धाराशिव, सोमवार

प्रिय अयोध्या,

फोनच करणार होते, पण फोनवर मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र. जुन्या स्टँडमागचं ते बंद पडलेलं लॉज आठवतं? दुरुस्ती आम्ही करायची, या बोलीवर मालकानं ते पाच वर्षं वापरायला दिलंय. आम्ही म्हणजे सात एकटी माणसं. कुणी विधवा, कुणी रिटायर, कुणाची मुलं पुण्याला. सातवा गोरोबा गवंडी. गिलावा करायला आला आणि इथंच राहिला. स्वयंपाक एकच, झाडलोट वाटून. पहिले पंधरा दिवस कबुतरांची घाण काढण्यातच गेले. लोक म्हणतात, म्हातारपणी वसतिगृह काढलं. म्हणू देत.

पहिलं भांडण पाण्यावरून झालं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. तो आला आणि सगळे आपापला ड्रम घेऊन धावलो. एका घरात राहायला निघालेली माणसं ही! वरच्या खोलीतल्या प्रेमाबाईंचे गुडघे दुखतात. त्या जिना उतरेपर्यंत पाणी गेलं. मग बैठक बसली, ड्रम एकत्र झाले, अंगणात सगळ्यांचा एकच रांजण मांडला. ठराव माझाच, भाषणही मीच ठोकलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी रांजणात हात घालायच्या आत, मी माझा तांब्या भरून खोलीत नेऊन ठेवला. सवयीनं. तिसऱ्या दिवशी प्रेमाबाईंनी विचारलं, “आक्का, रांजण समद्यांचा आन् तांब्या तुमचा येगळा, व्हय?” त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

तांब्या तोच आहे, अयोध्या. सातवीत तू आमच्याकडे अभ्यासाला आलीस, तेव्हा तुला ओंजळ धरायला लावून मी त्यातूनच वरून पाणी ओतलं होतं. आई उंबऱ्यात उभी होती, पण हात माझा होता. पुढं एका गुरुवारी तू मला तुमच्या घरी जेवायला बोलावलंस, तर मी उपास सांगितला. पुढच्या गुरुवारी तू माझ्या उपासासाठी केळी घेऊन आलीस. ती मी गाईला घातली. मला याची फार लाज वाटते. सत्तेचाळीस वर्षं तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस, आणि तू विसरलीस असं मी सोयीनं धरून चालले.

तांब्या आता रांजणावर असतो, सगळे त्यानंच पाणी घेतात. आठवी खोली रिकामी आहे. तू येडशीला एकटी राहतेस. त्या खोलीत तू यावंस असं मला मनापासून वाटतं. पण कोणत्या तोंडानं बोलवू? म्हणून आधी मीच येते, पुढच्या गुरुवारी, दुपारच्या एसटीनं. तुझ्या तांब्यातलं पाणी दे, असेल ती भाजीभाकरी वाढ. दारातूनच परत पाठवलंस तरी रागावणार नाही. मला उपास नाही. तेव्हाही नव्हता.

तुझीच,
रुद्रम्मा