सुनेच्या कपाटातला मारुती

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
गुरुवार, दुपार

राजमान्य राजश्री हंबीरराव, मारुतीचे पुजारी, मुक्काम निपाणी, यांना बिंदूचा नमस्कार.

(शाळेपासून तुला 'हंब्या' म्हणत आलो, पण आजचं काम देवाचं आहे, म्हणून मान देऊन सुरुवात केली. पुढे जमेल तसं.) तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि देवळामागची चिंच हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. झोप लागत नाही, घास उतरत नाही आणि शनिवारपासून डावा डोळा लवतो आहे, एवढं सोडलं तर उत्तमच. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तू फोन स्पीकरवर टाकून देवळाच्या कट्ट्यावर ठेवतोस आणि त्या कट्ट्यावर माझ्या बायकोची, सुचेताची, चुलत बहीण रोज लसूण सोलत बसते. म्हणून पत्र. आमच्या इमारतीतला महांतेश आज रात्रीच्या बसने निपाणीला येतो आहे आणि रविवारी सकाळी परत पोचणार आहे. पत्र त्याच्या हाती देतो. उत्तरही त्याच्याच हाती दे. वाचून झाल्यावर पत्र बंबात घाल.

तुला ठाऊकच आहे, आम्ही दोघं मुलाकडे, अभिराजकडे, राहायला आलो. सूनबाई रूपश्री हासनची. मुलगी गुणी आहे, मराठी समजतं, बोलतेही थोडं, पण हंबीरराव, ती मला हाक मारत नाही. म्हणजे बोलायचं टाळते असं नाही. जवळ येऊन उभी राहते, मी मान वर करेपर्यंत थांबते आणि मग बोलायला लागते. अभिराजसारखं 'बाबा' तिच्या तोंडी येत नाही, आपल्याकडचं 'मामंजी' तिला माहीत नाही. हासनकडे सासऱ्याला 'मावा' म्हणतात अशी मी लिफ्टमध्ये चौकशी करून ठेवली आहे, पण हे काही मागून घ्यायचं नसतं. आपण वाट बघायची. मी बघत होतो.

दुसरं दुःख शनिवारचं. निपाणीत तुझ्या देवळात गेल्याशिवाय माझा शनिवार कधी उजाडला नाही. इथे आंजनेयाचं देऊळ आहे, खिडकीतून कळस दिसतो, पण मधे रस्ता आहे. इथला रस्ता म्हणजे काय ते तुला कसं सांगू? एकदा निघालो, कडेला उभा राहिलो, गाड्या संपायची वाट बघितली आणि तिथूनच हात जोडून परत आलो; आता खिडकीतूनच हात जोडतो. (एका रिक्षावाल्याला पलीकडे सोड म्हटलं, तर तो 'सर, स्वल्प लांब पडेल' म्हणाला आणि के. आर. पुरमवरून वळसा घालायला लागला. मी मधेच उतरलो.) याबद्दल मी घरात कुणाला काही बोललो नाही. अभिराजला माहीत असावं, पण त्याला बरंच काही माहीत असतं आणि तो ते कुणाला सांगत नाही.

तर गेल्या आठवड्यात सुचेता पुण्याला गेली ('कशाला हात लावू नका' हे तिचं शेवटचं वाक्य) आणि अभिराज-रूपश्रीही कुणाच्या तरी बारशासाठी हासनला गेले. शुक्रवारी रूपश्रीच्या नावाचं खोकं आलं. रूपश्रीने फोनवर सांगितलं, उघडून ठेवा, काही मोडलं आहे का बघा. उघडलं, आणि काय सांगू तुला! वीतभर उंचीचा, शेपटीवाला, ढगावर उभा, उड्डाणाच्या पवित्र्यात, डोक्यावर सोन्याचं कडं. गदेच्या जागी काठी होती, पण म्हटलं दक्षिणेत असेल तशी पद्धत. खिडकीतून बघत हात जोडणारा सासरा तिने पाहिला असणार आणि मुकाट्याने घरात मारुती मागवला असणार! माझ्यासाठी कुणी न मागता काही आणल्याला फार काळ लोटला आहे. मी सोफ्यावर बसून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी हात राखून काही केलं नाही. तुझ्याकडून आणलेला शेंदूर होता, तेलात कालवला आणि पायापासून कपाळापर्यंत चांगला जाड लेप दिला. कुंपणामागच्या मोकळ्या जागेतून रुईची पानं आणून माळ घातली. शेजारचे सत्यनारायण वासाने आत आले, 'आंजनेया!' म्हणून दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि नारळ आणायला पळाले. आरती झाली. प्रसाद वाटला. मी फोटो काढून अभिराजला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सूनबाईंना माझे आशीर्वाद सांग.'

त्याचा लगेच फोन आला. आवाज असा, की मला वाटलं हासनला कुणी गेलं. 'बाबा, तो मारुती नाही. फोटो पुसून टाका. तिने अजून बघितला नाहीये. कुठे काही बोलू नका.'

आता नीट ऐक, कारण इथून पुढे मलाही समजायला वेळ लागला. चीनमध्ये एक जुनी गोष्ट आहे. एक भिक्षू धर्माच्या पोथ्या आणायला पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या भारताकडे, निघतो. सोबतीला एक अचाट ताकदीचं माकड, एक डुक्कर आणि एक नदीतला राक्षस. जपानी लोकांनी ती गोष्ट घेतली आणि आपल्या पद्धतीने तिची चित्रकथा केली, मग तिची कार्टून मालिका. त्यात भिक्षू काळा चष्मा लावून मोटारसायकल चालवतो, डुक्कर सूट घालतं आणि राक्षस मागे बसून सारखा उसासे टाकतो. रूपश्री शिकायला हासनबाहेर वसतिगृहात एकटी पडली होती, तेव्हा ही मालिका बघून तिने दिवस काढले. हे माकड तिचं तेव्हापासूनचं. खोक्यातली मूर्ती त्याचीच; अशा मूर्ती मोजक्याच काढतात आणि साचा मोडतात. पुढच्या रविवारी इथे अशा शौकिनांची जत्रा आहे, लोक त्या पात्रांचे वेष करून येतात; तिथे त्यांच्या गटाच्या मांडणीत तो मधोमध उभा राहायचा होता.

मी ती मालिका बघितली. (शत्रूची माहिती असावी म्हणून. पण खरं सांगतो, चांगली आहे. फक्त प्रत्येक भागाच्या शेवटी भिक्षू म्हणतो, भारत अजून दूर आहे. मला वाटतं ते पोचलेत, मारतहळ्ळीच्या पुलावर अडकलेत.) त्या माकडाच्या डोक्यावरचं कडं म्हणजे दागिना नाही. त्याने आगळीक केली की भिक्षू मंत्र म्हणतो आणि कडं आवळतं. पुण्याहून सुचेताचा फोन वाजला की मला आता ते बरोबर समजतं.

खोक्याचंही एक आहे. या लोकांत खोकं मूर्तीइतकंच जपतात, हे मला कोण सांगणार? कामाला येणाऱ्या चंपाअक्काने त्यात कांदे भरले आहेत. पुढे पारदर्शक खिडकी असल्याने किती उरले ते दिसतं, म्हणून ती खोक्यावर खूश आहे आणि परत द्यायला तयार नाही.

तर माझा प्रश्न धर्माचा आहे. तुझे वडील म्हणायचे, शेंदूर फासला की दगडालाही देव नाही असं म्हणता येत नाही. मग मी आता शेंदूर काढला तर मारुती कोपणार आणि ठेवला तर सून कोपणार. तुझ्या मारुतीचं शेंदराचं कवच कित्येक वर्षांनी गळतं, तेव्हा तुम्ही काही विधी करून ते नदीत सोडता आणि आतली मूर्ती निघते ती स्वच्छ निघते. तो विधी लिहून पाठव. एवढंच काम. बाकी सर्व क्षेम.

तुझा
बिंदुमाधव

ता. क. : एवढंच नाही. विधीची वाट न बघता मी रोज थोडा प्रयत्न केला. बेसन झालं, भांड्यांची घासणी झाली, शेवटी सुचेताचं नखांचा रंग काढायचं औषध झालं. शेंदूर निघाला. त्याच्याबरोबर डोळेही निघाले. आता त्याला डोळे नाहीत आणि तरी तो माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त बघतो. तर हंब्या, खरं काम असं : तुम्ही मारुतीला बसवता ते चांदीचे डोळे, ज्वारीच्या दाण्याएवढे मिळाले तर, महांतेशबरोबर पाठव. नजर थोडी मवाळ बघ.

दुसरा ता. क. : महांतेश अजून वाहतुकीत आहे, आणि मुलं आजच परत आली. अभिराज पाय धुवायला गेला तो तिकडेच. मी दारात उभा होतो, एका हातात माकड आणि दुसऱ्या हातात कांद्यांसकट खोकं. तिने माकडाचा चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाली, 'हे काय केलं तुम्ही?' मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, 'मला वाटलं, तू माझ्यासाठी आणलास.' ती सोफ्यावर बसली. 'तुम्हाला शनिवारी देवळात जायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही,' असं म्हणून तिने न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. आत नळ जोरात सुटला. मग ती मूर्ती घेऊन खोलीत गेली. रडली. भिंती पातळ आहेत इथल्या. मी कांदे परडीत काढून खोकं पुसत बसलो आहे. तू डोळे पाठवू नकोस, आता त्यांचा काय उपयोग?

तिसरा आणि शेवटचा : डोळे पाठव. महांतेश खाली आला आहे, घाईत लिहितो. ती बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, चांदीचे बसवू, असा दुसऱ्या कोणाकडे नसणार. शनिवारी तुमचा, बाकीचे दिवस माझ्या कपाटात. मात्र शेंदूर फक्त पायाला, बोटभर. मी सुटलो म्हणून पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात म्हणाली, त्यांच्या गटातल्या रविकुमारला जत्रेच्या दिवशी ऑफिसचं काम आलं आहे आणि त्याचा सूट मला होईल. मी विचारलं, तो कोण होणार होता? डुक्कर. मी विचारलं, हे प्रायश्चित्त का? म्हणाली, 'हां, प्रायश्चित्तच. सरी?' (सरी म्हणजे 'ठीक'.)

सुचेताला आणि त्या लसूणवालीला यातलं काही कळता कामा नये, डुकराचं तर मुळीच नाही. त्या वेषात मारुतीकडे बघावं की नाही, तेही शास्त्र बघून कळव, मला त्याची फार धास्ती आहे. सूट घालून बघितला. मी पोट आत ओढून धरलं होतं, तर ती म्हणाली, 'सोडा ते, मावा, पोट तर पाहिजेच.'

मावा म्हणाली, हंब्या.