कवितेतले बाबा

प्रिय दादा, म्हणजे हल्ली सगळ्यांचाच लाडका कवी,

बाबांच्या शिलाई मशीनवरची तुझी कविता फोनवर पाहिली. सभागृह गच्च भरलं होतं. बाबांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हापासून तू घरी फिरकलेला नाहीस. ‘मला बघवत नाही गं,’ म्हणालास. मला बघवतं, असं वाटतं का तुला?

तू लिहिलंयस, बाबा शिवताना गुणगुणायचे. अरे, त्यांच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या! असू दे, कवितेत शोभतं.

कविता मी त्यांनाही ऐकवली. ऐकताना ते चादरीची कड दुमडत होते. हातात सुई नसली तरी दिवसभर दुमडतात. कविता संपली तसे डोळे पुसत मला म्हणाले, “कुणाचा हो हा मुलगा, बाई? याचा बाप नशीबवान. किती जीव आहे पोराचा!”

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे पत्र काही मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू रडशील, यावरही एक कविता लिहिशील. घरी मात्र येणार नाहीस.

तुझ्या एकाही कवितेत नसलेली,
तुझी बहीण