डावा गाल

छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी २०२५

ती. सौ. चंपावहिनींस,
संध्याचा सा. न. वि. वि.

फोन सोडून नणंदेनं पत्र का पाठवलं, असं वाटेल. चार वाक्यं बोलले की डाव्या गालात करंट बसल्यासारखी कळ जाते, म्हणून कागद घेतला.

तुमच्या नातवाच्या बारशाला तुम्ही माझी आलाबला घ्यायला दोन्ही हात गालांना लावलेत आणि मी ते झटकले, तेही व्याह्यांसमोर. दहा महिने तुम्ही बोलला नाहीत, बरोबरच केलंत. पण वहिनी, तो माज नव्हता. तीन वर्षांपासून मला चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे. हात लागला, वारा लागला तरी जीव जातो. नसेचं दुखणं म्हटलं की लोक डोक्याचं समजतात, म्हणून मी दाढ दुखते असं सांगत राहिले.

आता दाढही खरोखर किडली आहे. ब्रश सहन होत नाही म्हणून डावी बाजू मी दीड वर्ष घासलेलीच नाही. दर सोमवारी शाळेत पोरांचे दात तपासणारी मी! दवाखान्याच्या फॉर्मवर दिवसातून किती वेळा दात घासता असं विचारलं होतं. मी बेधडक ‘दोनदा’ लिहून दिलं.

एकवीस तारखेला दाढ काढायची आहे. हे यायला तयार आहेत, पण त्यांच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटते. तुम्ही माझी बाळंतपणं केलीत, तुमच्यापासून काय लपवायचं? याल का? माझ्या वतीनं बोलायला कुणीतरी हवं.

उत्तराची वाट पाहते.
संध्या

देवगाव रंगारी,
१० जानेवारी

चि. सौ. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

राग होता, खोटं कशाला सांगू. विहीणबाई जाताना म्हणाल्या, तुमच्या नणंदबाई लई तोऱ्याच्या दिसतात. मी व्हय म्हणाले, आणि पुढं गावभर तेच सांगत फिरले. आता कुणाकुणाच्या घरी जाऊन शब्द परत घेऊ?

वीस तारखेच्या दुपारच्या एसटीनं येते. पण ते ‘दोनदा’ आधी खोडून ये. बाईंनी खोटं लिहिलं हे पोरांना कळलं तर तुलाच बाकावर उभं करतील. हुरड्याचे दिवस आहेत, पण तुला चावायचं काही आणत नाही. तुझ्याकडं आल्यावर मऊ लापशी करीन.

जिवाला जप, आमच्यावर माया ठेव.
चंपा

छत्रपती संभाजीनगर,
१५ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन खोडलं. सगळं कागदावर लिहून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं आणि खाली मान घालून बसले. त्या रागावल्या नाहीत. नसेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बधिरतेचं इंजेक्शन देणार नाही म्हणाल्या. रक्त तपासायला सांगितलं, दाढ काढायच्या सकाळी नसेची गोळी चुकवायची नाही असं बजावलं. दुखलं तर हात वर करायचा, त्या लगेच थांबतील. मला रडू आलं, आणि रडतानाही कळ आली.

या लवकर.
संध्या

देवगाव रंगारी,
२७ जानेवारी

चि. सौ. संध्यास,
अ. आ.

दाढ माझ्यासमोरच निघाली, आता सूजही उतरली हे कळून बरं वाटलं. नसेचं दुखणं आहे तसंच आहे, त्यावर नेटानं उपचार घे.

दवाखान्यात तू पाणी पिताना मी उठून बाहेर गेले. मी रक्ताला भ्याले असं तू सगळ्यांना हसून सांगितलंस. तसं नव्हतं. तू मान उजवीकडं कलती करून, डाव्या गालाला वारा लागू नये असा पदर आडवा धरून घोट घोट पीत होतीस. सासूबाई, तुझी आई, शेवटची पाच वर्षं असाच चहा प्यायच्या.

भाकरी दुधात भिजवायच्या आणि अर्धी टाकून उठायच्या. मला वाटायचं, माझ्या हाताला नावं ठेवतात. एकदा पंगतीत सगळ्यांदेखत मी म्हणाले, माझ्या हातचं गोड लागत नसंल तर लेकीकडं जावा. ताटातली पूर्ण भाकरी त्यांनी चावून खाल्ली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी त्याला नाटक म्हणाले.

त्यांना हेच होतं का, आता कोण सांगणार? पण मला तरी दुसरं काही वाटत नाही. अठरा वर्षं झाली त्यांना जाऊन. तू त्यांची लेक, म्हणून तुला सांगितलं. तुझ्या घरात चार दिवस राहिले, पण तोंडानं सांगवलं नाही.

माया ठेव असं लिहायची या खेपेला हिंमत होत नाही.
चंपा