ज्याच्या हातात चेंडू

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, सध्या माझी पाठ धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे धाकटी सोडून, आणि तिच्या काळजीने बाकीचेही सोडून.

"पोरीला वेड लागलंय का, असल्या डॉक्टरकडे न्यायला?" असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून बाबा तिचं जाणं बंद करायला निघालेत. म्हणून खरं काय घडलं ते कळवते. धाकटी रोज दप्तर भरायची, बूट घालायची आणि दारातच पोट धरून बसायची. पोटाच्या डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी मी तिला मुलांवर मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी तिला विचारलं, "कशी आहेस?" मी म्हणाले, "बरी आहे." (आपल्या घरची रीतच ती! धाकट्याला विचारलं की थोरल्याने उत्तर द्यायचं. तिला तहान लागल्याचंही मीच सांगितलं. तिला लागली नव्हती.) बाईंनी मला गोड बोलून बाहेर बसवलं. मी बाहेरूनही उत्तरं देऊ लागले, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि एक कापडी चेंडू दिला. ज्याच्या हातात चेंडू, त्यानेच बोलायचं. बाबा शिस्तीवर बोलले आणि बोलता बोलता चेंडू खिशात घालू लागले. आईने तो हिसकावला आणि ती बाबांवर बोलली. मी सगळ्यांची माफी मागितली (कशाबद्दल, ते अजून ठरायचंय). मग चेंडू धाकटीकडे गेला. ती तो नुसताच दाबत राहिली. आमच्या जिभा वळवळत होत्या, पण चेंडू नव्हता! अखेर ती म्हणाली, "वाचताना अडखळले की वर्गात हसतात. पण घरी सांगितलं की तुम्ही भांडता. मग वाटतं, सगळं माझ्यामुळेच."

आत्या, एवढं ती घरात कधी बोललीच नव्हती. मध्ये जागाच नसायची.

बाई म्हणतात, वेळ लागेल. पण परवा ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि काल वर्गात बसली. मी तिला नेणं थांबवणार नाही. बाबा रागावले तरी नाही, तू रागावलीस तरी नाही. (हे वाक्य खोडून खोडून कागद फाटला, पण वाक्य राहिलं.)

तुझी थोरली भाची

ता. क. बाबा फक्त तुझंच ऐकतात. त्यांना फोन करून सांग, की तिचं जाणं चालू राहू दे.

पुन्हा ता. क. पुढच्या भेटीला तूही यावंस, असं धाकटी म्हणते. का, ते मी लिहायला घेतलं होतं, तर ती म्हणाली, "थांब ताई. ते मी सांगेन." म्हणून थांबते.